विहिरीत पोहणाऱ्यांसाठी वॉटर पोलोचे नऊ धडे

परभणी जिल्ह्यात पोहणाऱ्यांची वाण नाही. पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम या गोदाकाठच्या तालुक्यांतली लेकरं नदीत पोहतात, जिंतूर-सेलूकडची पूर्णा आणि दुधनेत. बाकीच्यांना पायऱ्यांची विहीर किंवा जायकवाडीचा डावा कालवा असतोच. पाठीला वाळका भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधायचा आणि काका-मामाने पाण्यात सोडायचं, ही आपल्याकडची शाळा. मी याच शाळेत शिकलो. पुढे विद्यापीठाच्या संघातून वॉटर पोलो खेळलो आणि आता परभणीत मुलांना पोहायला शिकवतो.

जुलै २०२५ मध्ये सिंगापूरला जागतिक जलक्रीडा स्पर्धा झाली. पुरुषांच्या वॉटर पोलोच्या अंतिम सामन्यात स्पेनने हंगेरीला १५-१३ असं हरवलं. माझ्याकडच्या मुलांना मी ते सामने मोबाइलवर दाखवले. त्यांच्यापैकी बहुतेकांनी हा खेळ कधी पाहिलाच नव्हता. ज्यांनी अजून पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एका बाजूला सात खेळाडू, त्यात एक गोलरक्षक. आठ-आठ मिनिटांचे चार डाव. पाणी पुरुषभर खोल, तळाला पाय लावायचा नाही, काठाला धरायचं नाही. गोलरक्षक सोडून सगळ्यांनी चेंडू एकाच हाताने हाताळायचा. गोल तीन मीटर रुंद आणि पाण्यापासून ९० सेंटिमीटर उंच. चेंडू बाहेर गेला किंवा गोल झाला की घड्याळ थांबतं, त्यामुळे बत्तीस मिनिटांचा सामना प्रत्यक्षात तासाभराहून जास्त चालतो.

विहीर आपल्याला पाण्यात तगायला शिकवते. वॉटर पोलो पाण्यात सोबत्याच्या उपयोगी पडायला शिकवतो. माझ्या मते आपल्या भागातल्या पोहणाऱ्या पोरांना नेमकं हेच दुसरं शिक्षण हवं आहे. खेळताना आणि शिकवताना जे हाती लागलं, ते क्रमाने मांडतो.

१. डोकं वर ठेवून पोहण्याची लाज बाळगू नका

गावाकडचा मुलगा पहिल्यांदा शहरातल्या तलावात उतरला की प्रशिक्षक त्याला सांगतात, डोकं पाण्यात घाल. शर्यतीसाठी ते बरोबरच आहे. डोकं वर राहिलं की कंबर खाली जाते आणि वेग कमी होतो. पण नदीत पोहणाऱ्याला समोरून काय वाहत येतंय ते पाहावं लागतं, विहिरीत वरून कोण उडी मारतंय यावर लक्ष ठेवावं लागतं. म्हणून आपल्याकडे सगळे मान वर काढूनच हात मारतात.

वॉटर पोलोत हीच सवय कामाला येते. चेंडू दोन हातांच्या मधे, हनुवटीसमोर ठेवून पुढे न्यायचा असतो. हात आखूड आणि भरभर मारायचे, कोपर उंच ठेवायचं आणि नजर मैदानावर. सिंगापूरचा कोणताही सामना लावून पाहा, जगातले सर्वोत्तम खेळाडू मान वर काढून पोहताना दिसतील. शर्यतीत तयार झालेल्या मुलाला ही पद्धत नव्याने शिकावी लागते. आपल्या मुलाला ती अंगवळणी पडलेली असते, तिला फक्त वळण लावायचं असतं.

२. हात मोकळे हवे असतील तर पायांवर उभं राहा

या खेळाचा खरा पाया पायांत आहे. खोल पाण्यात, हातांचा आधार न घेता, छातीपर्यंत वर राहता आलं पाहिजे. त्यासाठी जी लाथ मारतात तिला एगबीटर म्हणतात. खुर्चीवर बसल्यासारखं बसायचं, गुडघे खांद्यांपेक्षा थोडे जास्त फाकवायचे आणि गुडघ्याखालचे पाय आळीपाळीने बाहेरून आत गोल फिरवायचे. ताक घुसळताना रवी जशी एकदा इकडून, एकदा तिकडून फिरते तसे दोन पाय उलट दिशांनी फिरतात. दोन्ही पाय एकदम मारले तर अंग वरखाली होतं. आळीपाळीने मारले तर अंग एका पातळीवर स्थिर राहतं, आणि स्थिर अंगानेच नेमका चेंडू फेकता येतो.

मी सराव असा घेतो. आधी काठावर बसून पाय फिरवायचे. मग पाण्यात, हात पाण्याखाली पसरून. मग हाताची बोटं पाण्याबाहेर, मग मनगटं, मग कोपरं. शेवटी दोन्ही हात सरळ वर. पहिल्या आठवड्यात मांड्या आणि जांघा भरून येतात. घाई केली तर गुडघे दुखतात, म्हणून जमिनीवर उकिडवं बसणं आणि कमरेचे व्यायाम सोबत ठेवायचे. विहिरीवर वाढलेल्या मुलाला इथेही एक फायदा असतो. पायाखाली तळ नाही, याची भीती त्याच्या मनातून आधीच गेलेली असते.

३. पास देताना सोबत्याच्या हाताचा विचार करा

पुरुषांचा चेंडू ६८ ते ७१ सेंटिमीटर घेराचा आणि ४०० ते ४५० ग्रॅम वजनाचा असतो. ओल्या हातात तो सहज राहत नाही. लहान मुलांसाठी चार नंबरचा छोटा चेंडू घ्यावा. तोही नसेल तर सुरुवात साध्या रबरी चेंडूने करावी.

विहिरीवर ज्याची उडी उंच आणि ज्याची बुडी लांब, तो वस्ताद. तिथे प्रत्येक जण एकटा असतो. अशी मुलं पहिल्यांदा वॉटर पोलो खेळतात तेव्हा चेंडू मिळाला की तो घेऊन पोहत सुटतात. दोन जण येऊन त्यांना दाबतात आणि चेंडू जातो. पाण्यात कितीही जोरात पोहलं तरी फेकलेला चेंडू पोहणाऱ्यापेक्षा कितीतरी आधी पोहोचतो, हे एकदा उमगलं की खेळ बदलतो.

चांगला पास पाण्यात पडत नाही. तो थेट सोबत्याच्या तळहातावर, त्याच्या डोक्याच्या किंचित वर पोहोचतो. सोबत्याचा हात कोणता, त्याच्या कोणत्या बाजूला विरोधी खेळाडू आहे, तो पुढे सरकतोय की जागेवर आहे, हे सगळं फेकण्याआधी पाहायचं असतं. गोलाकडे पाठ करून उभा असलेल्या मधल्या खेळाडूला मात्र मुद्दाम पाण्यावर पास देतात, कारण त्याच्या पाठीवर बचाव करणारा बसलेला असतो आणि हात वर काढायला त्याला वाव नसतो. म्हणजे पास कसा द्यायचा ते घेणाऱ्याच्या अडचणीवरून ठरतं. माझ्या विद्यार्थ्यांना हा धडा खेळाबाहेरही उपयोगी पडताना मी पाहिला आहे.

४. वेळ मोजून घेऊन निर्णय घ्यायला शिका

पॅरिसच्या २०२४ च्या ऑलिम्पिकपर्यंत पुरुषांच्या सामन्यात चेंडू ताब्यात आल्यावर हल्ल्यासाठी ३० सेकंद मिळत. सिंगापूरला ते २५ झाले. फटका मारून चेंडू परत मिळाला तर पूर्वीच्या २० ऐवजी १५ सेकंद. मैदानाची लांबीही ३० मीटरवरून २५ मीटरवर आणली. मोठ्या मैदानात जास्त वेळ पोहण्यात जात होता. आता विचार करायला वेळ कमी आणि फटके जास्त.

माझ्या मुलांना मी काठावरून मोठ्याने सेकंद मोजून दाखवतो. पहिल्या काही सेकंदांत पोहून जागा घ्यायची, मधल्या वेळात चेंडू फिरवून बचाव हलवायचा, शेवटच्या पाच सेकंदांत फटका मारायचाच. चुकला तरी चालेल. फटका न मारता वेळ संपवणं सगळ्यात वाईट, कारण मग आपण पुढे अडकलेलो असतो आणि समोरचा संघ रिकाम्या मैदानात पोहत सुटतो. गावाकडच्या मुलांत ताकद भरपूर असते, पण चारचौघांत चुकायचा संकोचही तितकाच असतो. घड्याळ तो संकोच मोडून काढतं.

५. राग आवरला तरच ताकद उपयोगी पडते

हा धसमुसळा खेळ आहे. पाण्याखाली पोशाख धरणं, पाय ओढणं, कोपर मारणं चालू असतं आणि पंचांना वरचंच दिसतं. मोठी चूक केली की खेळाडूला काही सेकंद बाहेर काढतात आणि तेवढा वेळ त्याचा संघ एक माणूस कमी घेऊन लढतो. अशा तीन चुका झाल्या की तो उरलेल्या सामन्याला मुकतो. जागतिक पातळीवरचे पुष्कळ गोल याच वेळी होतात, सहा हल्लेखोरांसमोर पाच बचाव करणारे असताना. एकाच्या रागाची किंमत बाकीचे सहा जण मोजतात.

या खेळातला सर्वांत गाजलेला सामना ६ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये हंगेरी आणि सोव्हिएत संघात झाला. महिनाभरापूर्वीच सोव्हिएत रणगाड्यांनी बुडापेस्टमधला उठाव चिरडला होता. हंगेरीचे खेळाडू घरच्यांच्या काळजीत होते. सामन्यात लाथाबुक्क्या झाल्या. शेवटी हंगेरीच्या एर्विन झादोरच्या डोळ्याखाली ठोसा बसून रक्त आलं, प्रेक्षक खवळले आणि सामना वेळेआधी थांबवावा लागला. तेव्हा हंगेरी ४-० ने पुढे होती. नंतर युगोस्लाव्हियाला हरवून त्यांनी सुवर्णपदक जिंकलं. लोकांना तो सामना रक्तामुळे आठवतो. मी मुलांना तो चार गोलांसाठी सांगतो. देश जळत असताना, समोरचा मारत असताना त्यांनी चार वेळा चेंडू जाळ्यात नेला आणि एकही गोल होऊ दिला नाही.

६. जिल्हा लहान आहे, ही सबब टिकत नाही

मॉन्टेनेग्रो नावाचा देश युरोपात एड्रियाटिक समुद्राच्या काठी आहे. त्याची लोकसंख्या सहा-सव्वासहा लाख. एकट्या परभणी जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १८ लाखांहून जास्त होती. या एवढ्याशा देशाचा पुरुष संघ २००८ मध्ये युरोपचा विजेता झाला, २०१३ च्या जागतिक स्पर्धेत उपविजेता ठरला आणि २००८, २०१२, २०१६ अशा सलग तीन ऑलिम्पिकमध्ये चौथा आला. तिथल्या कोटोर या लहानशा बंदराच्या गावातला प्रिमोराट्स क्लब २००९ मध्ये सगळ्या युरोपातल्या क्लबांचा विजेता झाला. शेजारच्या सर्बियाने २०१६ पासून लागोपाठ तीन ऑलिम्पिक सुवर्णपदकं जिंकली. त्याची लोकसंख्या आपल्या मराठवाड्याच्या निम्मीही नाही.

त्यांच्याकडे काय आहे? गावागावात क्लब आहेत, लहानपणापासून त्याच पाण्यात रोजचा खेळ आहे, आणि मोठे खेळाडू धाकट्यांना शिकवतात. आपल्याकडे गावोगाव कुस्तीची तालीम अशीच उभी राहिली. पैलवानाने पोराला तयार करायचं ही रीत आपल्या रक्तात आहे. ती पाण्यात नेता येईल.

७. हा खेळ आपल्या देशाला परका नाही

मार्च १९५१ मध्ये दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धा झाल्या. वॉटर पोलोचं सुवर्णपदक भारताने जिंकलं. त्या संघात सचिन नाग होते. त्याच स्पर्धेत त्यांनी १०० मीटर फ्रीस्टाइल शर्यतीतही सुवर्ण मिळवलं. ते मूळचे वाराणसीचे, गंगेत पोहणं शिकलेले. पुढे कोलकात्यात तयार झाले. १९४७ च्या दंगलीत त्यांच्या पायाला गोळी लागली होती. तरी पुढच्याच वर्षी लंडन ऑलिम्पिकमध्ये ते शर्यतीत पोहले आणि वॉटर पोलोही खेळले. त्या ऑलिम्पिकमध्ये भारताने चिलीला हरवलं. १९५२ च्या हेलसिंकीनंतर मात्र आपला संघ ऑलिम्पिकमध्ये दिसलेला नाही. आशियाई स्पर्धांत १९७० ला रौप्य आणि १९८२ ला कांस्य आलं, त्यानंतर पदक नाही. नागांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला तो २०२० मध्ये, त्यांच्या निधनानंतर.

नदीत शिकलेला माणूस एका बाजूला एकट्याची शर्यत जिंकतो आणि दुसऱ्या बाजूला संघासाठी पाणी कापतो, हे उदाहरण गोदाकाठच्या मुलांसाठी फार मोलाचं आहे. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आशियाई जलक्रीडा स्पर्धा पहिल्यांदाच भारतात, अहमदाबादला झाली आणि तिथे वॉटर पोलोही होता. देशात सेनादल, रेल्वे आणि पोलिसांचे संघ नियमित खेळतात. आपल्या भागातली असंख्य मुलं भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावतात. त्यातल्या पोहणाऱ्यांनी हा रस्ताही माहीत करून घ्यावा.

८. पाण्याचा हिशेब आधी मांडा

२५ मीटर लांब, २० मीटर रुंद आणि दोन मीटर खोल तलावात १० लाख लिटर पाणी मावतं. म्हणजे दहा हजार लिटरचे शंभर टँकर. ज्या मराठवाड्यात २०१६ साली लातूरकरांना मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे हा आकडा विसरून खेळाची मागणी करणं योग्य नाही. टंचाईच्या वर्षी पिण्याचं पाणी आधी आणि तलाव नंतर, यात दुमत नसावं.

पण चांगली गाळण यंत्रणा असलेल्या तलावात तेच पाणी पुन्हापुन्हा वापरता येतं. रोज भर घालावी लागते ती उन्हाने उडणाऱ्या आणि गाळणी धुताना जाणाऱ्या पाण्याची. तलावावर सावली असेल, रात्री आच्छादन घातलं तर तीही कमी होते. म्हणून नवा मोठा तलाव मागण्याआधी, आहे त्या तलावाची गाळण यंत्रणा वर्षभर चालू ठेवण्याचा आग्रह धरावा. पाणी नसलेल्या महिन्यांत जमिनीवर सराव करता येतो. चेंडू एका हाताने झेलणं आणि खांद्यांचे व्यायाम यांना पाणी लागत नाही. गोलासाठी तीन मीटरची प्लास्टिकची नळी, दोन उभे तुकडे, मासेमारीचं जुनं जाळं आणि तरंगण्यासाठी झाकणबंद रिकामे कॅन एवढं पुरतं. आम्ही असेच गोल वापरतो.

९. खेळाडूने बुडणाऱ्याला वाचवायला शिकलंच पाहिजे

दर उन्हाळ्यात आणि दर पावसाळ्यात कालव्यात, नदीत, शेततळ्यात लेकरं बुडाल्याच्या बातम्या येतात. शेततळी मागेल त्याला मिळू लागली हे शेतीसाठी चांगलं झालं, पण अस्तराचा प्लास्टिक कागद शेवाळाने इतका निसरडा होतो की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही बाहेर येता येत नाही. प्रत्येक शेततळ्याच्या चारही बाजूंना गाठी मारलेला दोर पाण्यापर्यंत सोडलेला असावा, एक फुगवलेली ट्यूब तरंगत असावी आणि भोवती कुंपण असावं. यासाठी फार खर्च येत नाही.

कुणी बुडत असेल तर लगेच उडी मारू नका. बुडणारा माणूस गळ्याला मिठी मारतो आणि दोघेही जातात. आधी काठावरून दोर, बांबू, साडी, धोतर, झाकणबंद रिकामा कॅन, जे असेल ते फेका. बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर त्याला उलटं टांगू नका, पोट दाबू नका. तोंडाने श्वास द्या, छातीच्या मधोमध दाब द्या आणि दुसऱ्याला १०८ वर फोन करायला सांगा. हे सगळं प्रत्यक्ष प्रशिक्षण घेऊन शिकावं.

वॉटर पोलो खेळलेल्या मुलाकडे यासाठी एक खास शिदोरी असते. तो खोल पाण्यात हात मोकळे ठेवून उभा राहू शकतो, अंगाला झोंबणाऱ्याची पकड त्याला सोडवता येते आणि दमला तरी तो गांगरत नाही. पाण्यात दुसऱ्याकडे लक्ष ठेवायची सवय त्याला रोजच्या खेळाने लागलेली असते.

परभणी जिल्ह्यातून उद्याच कोणी जागतिक स्पर्धेत खेळेल, असं मी म्हणत नाही. पण नऊ तालुक्यांत नऊ संघ उभे राहू शकतात, कारण पोहणारी मुलं आणि त्यांना हौसेने शिकवणारे काका-मामा आपल्याकडे आजही आहेत. क्रीडाशिक्षकांनी जवळच्या तलावाच्या खोल भागात दोन गोल लावावेत, जीवरक्षक काठावर उभा करावा आणि सात-सात मुलांना पाण्यात उतरवावं. मुलींचेही संघ करावेत. त्यांचा वॉटर पोलो २००० पासून ऑलिम्पिकमध्ये आहे. आईवडिलांनी मुलांना एकट्याने कालव्यावर पाठवण्यापेक्षा इथे पाठवावं. आणि पोहता येणाऱ्या प्रत्येक तरुणाने आपल्या गल्लीतल्या एका तरी लेकराला पोहायला शिकवावं.